पेवात कोण होतं

इतर घरांत पोरांना भुताची भीती घालतात, आमच्या घरात यादीची घालत. आमच्या लहानग्या हनमेलने वाडग्यात अन्न टाकलं, शाळेतून यायला उशीर केला, की आमचे यजमान, योएझर, मांडी घालून बसायचे आणि शास्त्रातली ती जागा घोळवून घोळवून सांगायचे: बाबेलच्या कैदेतून लोक परत आले, त्यांत याजकांची काही घराणी होती, त्यांनी आपल्या वंशाची नोंद शोधली, ती सापडली नाही, म्हणून त्यांना विटाळलेले ठरवून वेदीपासून दूर केलं. एवढंच. ना राक्षस, ना लांडगा. पण पोर डोळे विस्फारून ऐकायचं आणि वाडगं पुसून साफ करायचं. मला रागच यायचा. अहो, आपली नोंद चांगली जपून ठेवलेली आहे, कशाला लेकराला घाबरवता, असं मी म्हटलं की हे म्हणायचे, ज्याची नोंद असते त्यानेच घाबरावं, कुंभाराला कोण विचारतंय?

आम्ही पहिल्या याजकाच्या, अहरोनाच्या वंशातले. आमचं गाव डोंगरातलं, बेथ-अराव. याजकांची चार घरं, बाकी कुंभार, तेली, मेंढपाळ. वर्षातून दोनदा आमच्या घराण्याची पाळी लागली की पुरुष आठवडाभर यरुशलेमला मंदिरात जायचे. हनमेलला वीस पूर्ण झाली आणि पाळीत त्याचं नाव घालायची वेळ आली. नाव असं नुसतं घालत नाहीत. मंदिराच्या आवारात घडीव चिऱ्यांचं एक दालन आहे, तिथे पंच बसतात, शास्त्री वंशावळीचं भेंडोळं उलगडतो आणि बापाकडून पार अहरोनापर्यंत नावं जुळवतात. मग आईकडचं बघतात. सगळं निर्मळ निघालं तर मुलाला पांढरी वस्त्रं घालून आत पाठवतात. खोट निघाली तर काळी घालून, काळं पांघरून बाहेर. मधलं काही नाही.

हनमेलला आदामापासून स्वतःपर्यंत सगळी नावं तोंडपाठ होती. पाणी भरताना म्हणायचा, शेळी बांधताना म्हणायचा. विहिरीवरच्या पोरी त्याला चिडवायच्या की तुझी बायको पहिल्या रात्री नोहापर्यंत येता येता झोपून जाईल. तो लाजायचा आणि पुढचं नाव म्हणायचा. दुसरं काही व्हायचं त्याच्या मनातच कधी आलं नाही. पांढरी वस्त्रं मी स्वतः विणली होती, दोनदा उसवून पुन्हा विणली होती.

तर पाळीच्या आधी यरुशलेमहून निरोप आला. हनमेल जन्मायच्या दोन-तीन वर्षं आधी म्हातारा राजा मेला, त्या वर्षी बंड झालं होतं आणि ज्या गावांत रोमी फौज शिरली होती त्या गावांच्या नावांपुढे भेंडोळ्यात खूण केलेली होती. आमच्या गावापुढेही होती. निरोप एवढाच होता की मुलाची आई त्या दिवशी गावात असली तर साक्षीदार घेऊन या.

हे ऐकून मी पाण्याची घागर उचलली आणि परत खाली ठेवली.

कायदा आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. शिपायांच्या हाती लागलेली बाई साध्या माणसाच्या घरी परत जाऊ शकते. नवरा रडतो, बाई रडते, आणि चूल पेटते. याजकाच्या घरी नाही. याजकाची बायको हाती लागली की तिचं घर संपलं. काय झालं, काय नाही, हे कोणी खोदून विचारत नाही, शंका पुरते. आणि त्यानंतर तिला झालेला मुलगा वेदीजवळ जाऊ शकत नाही. बाईने स्वतः कितीही शपथा घेतल्या तरी स्वतःच्या बाजूने तिचा शब्द धरत नाहीत. नवऱ्याचाही धरत नाहीत. दुसऱ्या कोणाचाही धरतात, मोलकरणीचासुद्धा. ती लपली होती आणि कोणाच्या हाती लागली नाही, असं दुसरं माणूस म्हणालं की झालं.

आमचे यजमान मात्र निर्धास्त. त्या दिवशी ते पाळीवर होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं, पण मी जमिनीखालच्या धान्याच्या पेवात लपले होते आणि कुंभाराची शफिरा माझ्याबरोबर होती एवढं त्यांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले, मग झालं की, शफिराला घेऊन जाऊ, दोन शब्द बोलेल, तिला गाढवावर बसवून नेऊ. मी म्हटलं, दुसरं कोणी नाही का? ते म्हणाले, दुसरं कोण होतं पेवात? मी काय सांगणार होते?

जे झालं ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. शफिराने पण नाही. आम्ही दोघी एका विहिरीवर पाणी भरत आलो, एकमेकींच्या बाळंतपणाला गेलो, पण त्या दिवसाचा शब्द दोघींच्याही तोंडून कधी निघाला नाही.

मळणी नुकतीच उरकली होती. हे यरुशलेमला, शफिराचा नवरा तोवी मडकी घेऊन खालच्या बाजाराला गेलेला. सकाळी धुरळा दिसला आणि गाव पळत सुटलं. तेलाच्या घाण्याखाली एक जुनं पेव होतं, उंदरांमुळे सोडून दिलेलं. वर दगडी झाकण, आणि मागच्या बाजूला कडब्याआड एक भोक, माणूस जेमतेम सरपटेल एवढं. आम्ही दोघी त्यातून आत उतरलो. दुपारपर्यंत काही नाही. मग पायांचे आवाज घाण्यात आले. ते तेलाचे रांजण शोधत होते आणि एकेक दगड उलटत होते. माती आमच्या डोक्यावर पडायला लागली. माझे दात वाजत होते, शफिराने माझ्या तोंडात माझाच पदर कोंबला. ती माझ्या कानाशी म्हणाली, "तुला हात लागला तर तुझं घर गेलं. माझं काय जातंय, मी कुंभारीण. तोवी मला टाकायचा नाही." आणि मी तिला धरेपर्यंत ती त्या भोकातून वर गेलेली होती.

त्यांनी झाकण उचललं नाही. दिवस कलेपर्यंत ते वरच होते. मला सगळं ऐकू येत होतं.

तोवी परत आला आणि त्याने खरंच तिला टाकलं नाही, कारण तिने त्याला काही सांगितलंच नाही. पुढच्या वल्हांडणाच्या सणाला, मळणीनंतर नवव्या महिन्यात, तिला मुलगा झाला, यहूदा. तोवीने गावभर खजूर वाटले. पोर उंच निघालं, हसरं निघालं. कोणासारखं निघालं हे मी कधी बघितलं नाही. खरंच सांगते, मी त्या पोराच्या चेहऱ्याकडे नीट बघायचंच टाळलं. तोवी मरताना चाक त्याच्या हाती देऊन गेला. माझा हनमेल यहूदाच्या मागून दोन वर्षांनी झाला.

निरोप आल्यावर मी शफिराकडे गेले. तिच्या अंगणात लग्नाचे रांजण वाळत घातले होते. यहूदाचं लग्न ठरलं होतं, खालच्या गावच्या एका लेव्याची, म्हणजे मंदिरातल्या सेवेकऱ्याची, मुलगी. तो चाकावरून ओरडला, "काकू, हनमेलला म्हणावं जेवायच्या आधी आदामापासून सुरू करू नकोस, मटण थंड होईल." मी हसले असेन. शफिराने त्याला सरपणाला पिटाळलं आणि मला म्हणाली, बस. तिला निरोपाचं कळलं होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, येईन मी, तू पेवात होतीस हे खरं आहे, खरं बोलायला काय हरकत आहे.

मी विचारलं, "आणि तुझं विचारलं तर?"

"माझं कशाला विचारतील? मी कुठल्या यादीत आहे?"

ती माती मळत होती. मग तिचे हात थांबले. म्हणाली, "योहाना, तेव्हा मी म्हटलं होतं माझं काय जातंय. तेव्हा यहूदा नव्हता."

तिने पुढे काही म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. तिचं बाहेर आलं तर यहूदाच्या नावापुढची बापाची जागा कोरी राहणार होती. अशा मुलाला लेवी सोडाच, मेंढपाळही मुलगी देत नाही, आणि त्याच्या मुलांनाही नाही. मी तिला म्हटलं, तू नकोच येऊस, मी यांना सांगते तुला ताप आहे. ती माझ्यावर डाफरली. म्हणाली, मग पोराला काय काळं घालणार आहेस, वेडी का खुळी, दोन शब्द तर बोलायचेत, बोलेन आणि परत येऊन रांजण भाजेन.

घरी येताना मी स्वतःला समजावलं. फक्त माझं विचारणार. ती होय म्हणणार. शास्त्री लिहिणार. असं मी स्वतःला इतक्यांदा समजावलं की थोडी झोपही लागली.

यहूदा आईला गाढवावर घेऊन आमच्याबरोबर निघाला. तो आणि हनमेल पुढे चालत होते, एक थट्टा करत होता, दुसरा नावं म्हणत होता. शेवटच्या चढाला धर्मशाळेपाशी आमच्या गावचा यखोन्या भेटला. यखोन्या तेली, त्या घाण्याचा पूर्वीचा मालक. म्हातारपणी मुलीकडे यरुशलेमला राहायला आलेला. आम्हाला बघून त्याचा चेहरा उजळला. तो आमच्या यजमानांना म्हणाला, मलाही बोलावलंय बरं का, आपल्या गावच्या सगळ्या जुन्या माणसांना विचारतायत, तुम्ही मुळीच काळजी करू नका, मी त्या दिवशी घाण्याच्या माळ्यावरच होतो, पेंडीच्या टोपल्यांमागे, मी सांगेन ना सगळं.

यजमानांनी त्याला मिठी मारली. एकाऐवजी दोन साक्षीदार! मी शफिराकडे बघितलं. ती गाढवाची मान खाजवत होती आणि तिच्या ओठांतलं रक्त गेलं होतं. म्हातारा माळ्यावर होता हे आम्हा दोघींनाही आजवर माहीत नव्हतं.

मला वाटलं, त्याला बाजूला घ्यावं आणि सांगावं, काका, तुम्ही काही पाहिलं नाही म्हणा. पण काय कारण सांगणार? आणि त्याने काय पाहिलं होतं ते विचारायचं तर मला काय माहीत आहे ते कळणार. तशीच चढ चढले. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना.

दालनात तीन पंच बसले होते. आम्हा बायकांना बाहेरच्या दाराशी उभं केलं, तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. वेदीवरचा धूर नाकात जात होता. भिंतीलगत एका बाकावर दोन घड्या ठेवल्या होत्या, एक पांढरी आणि एक काळी. पांढरी मी विणलेली होती. हनमेल मधोमध उभा होता, मान ताठ, आणि त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली मला इथून दिसत होती.

शास्त्र्याने भेंडोळं उलगडलं. बापाचा बाप, त्याचा बाप, वर वर वर. एकही नाव अडलं नाही. माझ्या माहेरचंही निर्मळ निघालं. मग थोरल्या पंचांनी गावाच्या नावापुढच्या खुणेवर बोट ठेवलं आणि साक्षीदार कोण म्हणून विचारलं. शास्त्र्याने रिवाजाप्रमाणे आधी शफिराचंच लिहून घेतलं: कोणाची बायको, घरात कोण. यहूदा खांबापाशी उभा होता, विचारलं नसताना पुढे झाला आणि म्हणाला, मी मुलगा, महाराज, फौज आली त्या वर्षीच्या पुढच्या वल्हांडणाचा, आई म्हणते मी भाकरीला खमीर घालायची सोय नाही अशा दिवशी आलो म्हणून इतका सडपातळ. पंचांपैकी एकजण हसला. शास्त्र्याने टिपणाच्या खापरीवर ते लिहिलं. मी डोळे मिटले. अरे पोरा, तुला कोणी विचारलं होतं?

थोरल्या पंचांनी शफिराला विचारलं, योहाना पेवात होती का. होती. किती वेळ? सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कोणाच्या हाती लागली? कोणाच्याही नाही. शफिरा स्पष्ट बोलत होती, आवाज जराही कापला नाही. शास्त्र्याने बोरू शाईत बुडवला. यजमानांनी माझ्याकडे वळून बघितलं, त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं झालं, सुटलो, देवा, सुटलो.

आणि यखोन्याला राहवलं नाही. तो काठी टेकत पुढे आला. त्याला आमचं भलंच करायचं होतं. आजही मी त्याला शिव्या देऊ शकत नाही. तो म्हणाला, मी शपथेवर सांगतो महाराज, शिपाई पेवात उतरलेच नाहीत, झाकणाला त्यांचा हातही लागला नाही, मी वरून बघत होतो.

"मग ते तिथे इतका वेळ काय करत होते?" थोरल्या पंचांनी विचारलं.

"एक बाई आपणहून वर आली ना, मागच्या भोकातून. म्हणून तर त्यांनी शोधायचं सोडलं."

म्हातारा आपलं म्हणणं पटलं असं समजून मान डोलवत होता. कोण बाई, विचारलं. तो म्हणाला, पाठमोरी होती, डोक्यावर पदर, आणि मी डोळे झाकून घेतले महाराज, ते बघण्यासारखं नव्हतं. मग बहुधा त्याच्या ध्यानात आलं आपण काय बोललो ते. तो माझ्याकडे बघायला लागला, मग शफिराकडे.

थोरल्या पंचांनी विचारलं, पेवात तुम्ही दोघीच होता? शफिराने ते आधीच लिहवून दिलेलं होतं, दोघीच. ते म्हणाले, म्हणजे दोघींपैकी एक बाहेर आली. तू म्हणतेस योहाना आत होती. तर मग बाहेर तू होतीस?

यहूदाच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं, ते नीट गेलेलं नव्हतं. शफिराने त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही.

"मीही आत होते," ती म्हणाली.

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण तिचा शब्द आता मोडला होता. दोघी आत आणि एक बाहेर, हे एका तोंडाने कसं चालणार? पंच आपसांत कुजबुजले. हनमेल वळून माझ्याकडे बघत होता. लहानपणी यादी ऐकताना होत तसेच त्याचे डोळे मोठे झाले होते.

थोरल्या पंचांनी मला पुढे बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. मला हनमेलला वाचवायची वाट दाखवावी असंच त्यांच्या मनात असावं. ते हळू बोलले. "बाई, स्वतःविषयी तुझा शब्द मी धरू शकत नाही. पण हिच्याविषयी धरू शकतो. नीट विचार करून सांग. कुंभाराची शफिरा त्या दिवशी पेवात होती, की बाहेर?"

एवढंच होतं. ती बाहेर होती, असं म्हणायचं होतं. ते खरं होतं. देवाच्या दारात, धुराच्या वासात, खरं बोलायचं होतं, आणि माझा मुलगा मी विणलेली वस्त्रं घालून आत जाणार होता. यजमान तर मानेने होय होय करत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांना फक्त उत्तर सोपं दिसत होतं. शास्त्र्यापुढे ती खापरी होती, तिच्यावर यहूदाचा जन्म लिहिलेला होता, फौजेच्या पुढचा वल्हांडण. मी बाहेर म्हटलं की त्याचं बोट आधी तिथेच जाणार होतं. महिने मोजायला काही पंडित लागत नाही.

मला भीती कशाची वाटली, ते नीट सांगता येत नाही. हनमेलची वाटली, घराची वाटली, खोट्या शपथेची वाटली. इतकी वाटली की कानात घणघण होत होती. आणि त्या घणघणीत मला वरून पडणारी माती आठवली आणि तिने माझ्या तोंडात कोंबलेला पदर. मी जर तेव्हा तिला एक क्षण आधी धरलं असतं तर आज हे पंच नसते, हा प्रश्न नसता, हनमेलही नसता. ती वर गेली म्हणून तो जन्मला. आता त्याला पांढरं घालण्यासाठी तिलाच पुन्हा वर पाठवायचं?

"आत होती," मी म्हटलं.

पंच म्हणाले, पुन्हा सांग.

"शफिरा आतच होती. पूर्ण दिवस."

दोघींपैकी शफिरा आत, म्हणजे बाहेर आलेली मी. त्यांनी पुढचं विचारलं नाही. स्वतःच्या बाजूचं धरत नाहीत, स्वतःच्या विरुद्धचं मात्र मागावं लागत नाही. शास्त्र्याने मला नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि बोरू पुन्हा बुडवला. अहरोनापासून आमच्या योएझरपर्यंत त्या भेंडोळ्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. माझं त्याने तिथे लिहिलं, हनमेलच्या नावाच्या बाजूला, आणि वाळू टाकून वाळवलं.

काळी घडी उचलायला हनमेलला सांगावं लागलं नाही. तो स्वतः गेला, उचलली, घातली. घालताना त्याचा हात बाहीत अडकला आणि कोणीच मदतीला गेलं नाही.

यजमान माझ्याजवळ आले, पण हाताच्या अंतरावर थांबले. तेवढं अंतर त्यांना आता ठेवायलाच हवं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, कधी ओरडलेही नव्हते फारसे. ते म्हणाले, तू मला कधी सांगितलं नाहीस. मग म्हणाले, सोडपत्र मी घरी पाठवीन, तुझं काही कमी पडू देणार नाही. आणि रडत रडत याजकांच्या दाराने निघून गेले, कारण त्यांची पाळी संध्याकाळी सुरू होत होती. मी त्यांना हाक मारली नाही. हाक मारली असती आणि खरं सांगितलं असतं, तर ते तिथूनच धावत परत पंचांकडे गेले असते. त्यांना माझ्यापेक्षा काही जास्त प्रिय नव्हतं, पण खोटी नोंद त्यांना सहन झाली नसती.

शफिरा पायऱ्यांवर माझ्या मागे आली. तिने माझं मनगट धरलं, तिच्या बोटांची माती अजून नखांत होती. खाली यहूदा गाढव सोडत होता आणि वर बघत होता, काय झालं ते त्याला धड कळलेलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की काकूंचं वाटोळं झालं. त्याने थट्टा केली नाही.

"जा," मी तिला म्हटलं. "घरात लग्न आहे."

ती जाईना. मी तिचा हात सोडवला आणि जवळजवळ ढकललंच तिला. गेली शेवटी.

हनमेल शेवटून आला. काळ्यात तो ओळखू येत नव्हता, बारीक दिसत होता. माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पायऱ्यांवर लोक येत-जात होते, काळं बघून बाजूला होत होते. माझी भीती आता संपली असेल असं मला वाटलं होतं. ती संपलेली नव्हती. तिला अजून एक प्रश्न बाकी होता आणि तो माझ्या मुलाच्या तोंडात होता.

"आई," तो म्हणाला, "तू होतीस ना बाहेर? की नव्हतीस?"

त्याला माझ्या तोंडून नाही ऐकायचं होतं. किती ऐकायचं होतं! मी नाही म्हटलं असतं तर त्याने माझ्यावर विश्वास ठेवला असता, आणि त्याच पावली पायऱ्या चढून वर पंचांकडे गेला असता, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून राहत नाही. खाली यहूदा आईला गाढवावर बसवत होता, तिच्या पायाखाली स्वतःचे हात धरून.

"होते," मी म्हटलं.

हनमेल एक पाऊल मागे सरला. विटाळ दिसला की मागे सरायचं, हे त्याला चालता यायला लागल्यापासून शिकवलेलं होतं, आणि मीच शिकवलेलं होतं. आता काळं घातल्यावर त्याला तसं सरायची काही गरज उरली नव्हती, तरी सरला. मग त्याच्या ते लक्षात आलं, आणि तो मान खाली घालून आपल्या पायाकडे बघत तिथेच उभा राहिला.